वहीच्या उलट्या बाजूला आठ सह्या

सुखदेव,

ही गोष्ट सांगायची मी पंचेचाळीस वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण तू कधी विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर मी खरं बोललो असतो की आणखी एक सबब शोधली असती, हे आता ठरवता येत नाही.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जऊळक्याला गेलो होतो. मुलगा गाडीतून घेऊन गेला, कारण आता मी एकटा कुठे जात नाही. मंडप भरला होता. जो तो उठून बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतंच, ‘सुखदेवराव म्हणजे वेळेचे पक्के.’ मग माईक माझ्याकडे आला. ‘चांगला माणूस गेला,’ एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, गुरुजींना भरून आलं. भरून आलं नव्हतं. मंडळाच्या जुन्या वहीत तुझ्याविषयी बरोबर याच्या उलट लिहिलेलं आहे, ते अक्षर माझं आहे, आणि ते वाक्य आजपर्यंत कोणी खोडलेलं नाही.

निघताना तुझी विशाखा गाडीपर्यंत आली. म्हणाली, “गुरुजी, बाबांवर आम्ही छोटी स्मरणिका काढतोय. मंडळाच्या दिवसांचं तुम्ही लिहा. ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?”

माहीत आहे खरं. तुझा जन्म कुठला, रेल्वेत कधी लागलास, निवृत्त कधी झालास, ते बाकीचे लिहितील. मी वहीबद्दल लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आपला भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मी जऊळक्याच्या शाळेत मास्तर आणि तू स्टेशनवर पॉइंट्समन. सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, आणि गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके द्यायचे, हे तुझं काम. त्या ठोक्यांवर गाव चालायचं. आमचा शिपाई शाळेची घंटा तुझे ठोके ऐकून द्यायचा. बापूसाहेब आपलं मनगटावरचं घड्याळही त्यावरच लावायचे. हे बापूसाहेब आपल्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, गावातले मोठे शेतीवाले. आणि मी मंडळाचा चिटणीस.

मंडळ होण्याआधी गावात कबड्डीची दोन मैदानं होती. एक शाळेमागे, दुसरं रुळांपलीकडे तुमच्या वस्तीत. दोन्हीकडची पोरं एका मैदानात उतरावीत म्हणून तू किती खेपा घातल्यास ते मी पाहिलं आहे. शेवटी एकच संघ झाला आणि अकरा जणांच्या कार्यकारिणीत तुझं नाव आलं. वस्तीतलं पहिलं नाव, आणि तेव्हा एकुलतं एक.

त्या हिवाळ्यात तालुक्याचे सामने आपल्या गावाला मिळाले. अट अशी होती की मंडळाचे पदाधिकारी शिकलेले हवेत. पंचाचे नियम, गुणलेखन, मुका मार लागला तर काय करायचं, सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं, असे एकूण आठ धडे होते. मी दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ते शिकून आलो होतो आणि आता बाकीच्यांना शिकवायचे होते. जो आठ धडे पुरे करील तो पंच होऊ शकेल. जो तीनदा गैरहजर राहील तो कार्यकारिणीतून कमी.

तुला ती शिट्टी हवी होती. एकदा स्टेशनच्या नळावर हात धुताना तू म्हणाला होतास, “गुरुजी, आमची पोरं आतापावेतो दुसऱ्याच्याच शिट्टीवर बाद झाली. एक डाव तरी आपल्या माणसाची शिट्टी ऐकू द्या त्यायले.” तुझ्याकडे रेल्वेची शिट्टी होती, ती रोज वाजायची. ही वेगळी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. बापूसाहेबांनी सांगून टाकलं, दर रविवारी सकाळी नऊ. तू उभा राहिलास.

“बापूसाहेब, मले सहा ते चौदा ड्यूटी हाय. दुसरा पॉइंट्समन बिमार पडला. चार महिने तरी बदल नाही, रविवार धरून.”

“चौदा म्हणजे?”

“दोन वाजेपावेतो.”

“मंग दोन म्हण ना बा. चौदा म्हणजे काय, तेरावं उरकून वर एक दिवस?”

सगळे हसले. मीही हसलो. तूही हसलास आणि हसणं थांबेपर्यंत उभाच राहिलास.

“धडा बदला, असं नाही म्हणत मी,” तू म्हणालास. “धडा तोच. फक्त वेळा दोन ठेवा. एक रविवारी सकाळी, अन् एक मधातल्या दिवशी दुपारून. ज्याले जे जमते त्यानं तथी बसावं. रहीमभाईले बी रविवारचा बाजार सोडून यावं लागते.”

रहीमभाई शिंपी मान खाली घालून म्हणाले, “मेरा क्या है. मी काजं करता करता ऐकतो.”

“हे मंडळ हाय का खानावळ?” बापूसाहेब म्हणाले. “ज्याले जव्हा भूक लागन तव्हा पंगत?”

“खानावळ नोका समजू. रेल्वे समजा. गाडी दिवसातून दोनदा जाते. सकाळची हुकली तं लोक दुपारच्यानं जातेत. त्यायले कोणी गैरहजर नाही म्हणत.”

या वेळी कोणी हसलं नाही. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय हो गुरुजी?”

तुझं म्हणणं मला पुरतं पटलं होतं. ज्यांच्यासाठी मंडळ, त्यांच्यातल्या निम्म्यांचा रविवार स्वतःचा नव्हता. मास्तर आणि शेतीवाले सोडले तर सकाळी नऊला कोण मोकळं असतं? हे सगळं मनात आलं आणि तोंडातून निघालं, “पाहू.” इतिवृत्तात मी लिहिलं, ‘वेळेबाबत चर्चा झाली.’

सगळे गेल्यावर बापूसाहेबांनी मला थांबवलं. “गुरुजी, एकाले वेगळं शिकवलं का उद्या हर एक जण आपल्या सवडीनं मागन. वेगळा धडा कोणाले द्यायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त.”

मी म्हणालो, “बरं.”

पुढच्याच बुधवारी मधल्या सुट्टीत मी स्टेशनवर आलो. माझी सुट्टी दोनला व्हायची आणि तुझी पाळी चौदाला संपायची. तू चार्ज देऊन, हातपाय धुऊन कडुलिंबाखालच्या बाकावर यायचास तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झालेली असायची. “बसा अथी, गुरुजी,” म्हणून रुमालानं बाक झटकायचास. बाक तुझ्यासाठीही तेवढाच धुळीचा होता, पण तू फक्त माझी बाजू झटकायचास. तू मला तुमी म्हणायचास आणि मी तुला तू. आपण एकाच वयाचे होतो. हे मला त्या वेळी खटकलं नाही, तेही लिहून ठेवतो.

मास्तर लोकांची एक सवय असते. कच्चं काम वहीच्या मागच्या पानांवर करायचं आणि पक्कं पुढे उतरवायचं. मंडळाची हजेरीची वही मी तशीच वापरायचो. पुढून उघडली की रविवारचे वर्ग, नावं आणि समोर हजर-गैरहजर. तुझ्यासाठी मी ती उलटी केली, मागून पहिलं पान उघडलं, धड्याचं नाव लिहिलं आणि तुला सही करायला सांगितलं. तू सही केलीस आणि तिच्यासमोर वेळ टाकलीस, १४.१०.

“वेळ कायले?” मी विचारलं.

“आमच्यात सही केली का वेळ टाकाच लागते. नाहीतर सहीचा भरोसा काय?” मग तू विचारलंस, “हे मागच्या पानावरचं चालन ना, गुरुजी?”

“आठ झाले की सगळं पुढे उतरवतो.”

हा माझा शब्द होता. बाकीचं सगळं नंतर आलं.

ते आठ बुधवार माझ्या मास्तरकीतले सगळ्यात चांगले बुधवार होते. रविवारच्या वर्गात लोक जांभया द्यायचे, घड्याळ पाहायचे. तू मला एकेका नियमावर उलटतपासणी केल्यासारखा धरायचास. पाचव्या धड्यात मी मैदानाची आखणी शिकवत होतो. बाकासमोरच्या मातीत काडीनं मैदान काढलं, मध्यरेषा काढली, दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या काढल्या आणि सांगितलं, ह्यांना राखीव क्षेत्र म्हणतात. एरवी चढाई करणाऱ्याचा पाय या पट्टीत पडला तर तो बाद. पण एकदा झटापट सुरू झाली, म्हणजे कोणी कोणाला शिवलं की, ही पट्टी मैदानात धरायची.

तू माझ्या हातातली काडी घेऊन ती पट्टी पुन्हा गिरवलीस.

“म्हणजे आमचंच हाय हे,” म्हणालास. “राखीव. झटापट झाल्याबिगर मैदानात मोजतच नाही आमाले.”

आणि इतका मोठ्यानं हसलास की स्टेशन मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला हसावं की नाही कळेना. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. “हसा ना गुरुजी, मी सोताच म्हणून राह्यलो.”

आणखी एक गोष्ट. पहिल्या दोन बुधवारी तू डबा उघडून माझ्यासमोर केलास तेव्हा मी म्हणालो, जेवून आलो. जेवलो नव्हतो. तिसऱ्या बुधवारी तू डबा पुढे केला नाहीस. अर्धी भाकर आणि तुरीच्या सोल्याची भाजी झाकणावर काढून बाकाच्या मधोमध ठेवलीस आणि दुसरीकडे पाहत खाऊ लागलास. मी झाकण उचललं. त्यानंतर सगळे बुधवार आपण बरोबर जेवलो. त्याबद्दल तू कधी एक शब्द काढला नाहीस, आणि माझ्यासाठी तीच तुझी शिकवण होती.

आठ धडे झाले. आठ सह्या झाल्या. सात सह्यांसमोर १४.१० आणि एकीसमोर १४.२५, कारण त्या दिवशी गाडी लेट होती. मी काही पुढे उतरवलं नाही. आज करू, उद्या करू करत राहिलो. खरं म्हणजे पुढच्या पानांवर तुझ्या नावासमोर आठ वेळा ‘गैरहजर’ लिहून झालं होतं, दर रविवारी बापूसाहेबांच्या देखत. ते बदलायचं तर त्यांना सांगावं लागणार होतं की मी ‘बरं’ म्हणालो आणि तसं वागलो नाही.

मग वार्षिक सभा आली. पंचांची यादी तिथेच मंजूर व्हायची होती. सभा दुपारी होती, म्हणून तू ड्यूटीवरून तसाच आला होतास, निळ्या कपड्यांत. धड्यांची हजेरी वाचायला बापूसाहेबांनी मला सांगितलं. टेबलावर वही होती. मी पुढून उघडली. रहीमभाई दोनदा गैरहजर, चालून गेले. बापूसाहेबांचा पुतण्या चारदा आला नव्हता, पण त्याच्यासमोर मी ‘रजा’ लिहिलं होतं. त्याची रजा कोणी मागितली होती आणि कोणी दिली होती, मला माहीत नाही. माझा हातच तसा चालला होता.

तुझं नाव आलं तेव्हा मी थांबलो. सभेत चाळीस-पन्नास माणसं होती. रुळांपलीकडचीही बरीच आली होती, आज तुझी शिट्टी मंजूर होणार म्हणून. बापूसाहेब म्हणाले, “वाचा ना.”

मी तुझ्याकडे पाहिलं. तू वहीकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे.

“जे लिहिलं हाय ते वाचा, गुरुजी,” तू म्हणालास.

त्या एका वाक्यावर मी पुढची पंचेचाळीस वर्षं काढली. मी स्वतःची समजूत घातली की तू मला मोकळं केलंस. माझी अडचण तुला कळली, आणि मला तोंडघशी पाडू नये म्हणून तू म्हणालास की पुढच्या पानावर आहे तेच वाच. कधी मनाला फार लागलं की मी म्हणायचो, सुखदेवानं स्वतःच तर सांगितलं होतं.

पण तू तसं म्हणाला नव्हतास. तू म्हणालास, जे लिहिलं आहे ते वाचा. लिहिलेलं मागेही होतं, तुझ्या सहीनं, वेळ टाकून. मी शब्द पाळीन अशी तुझी खात्री होती, म्हणून तू निवांत उभा होतास. वही उलटी करायची होती, एवढंच. एका हातानं झालं असतं.

मी वाचलं, “आठ. आठही गैरहजर.”

रुळांपलीकडच्या एका म्हाताऱ्यानं तुला विचारलं, “काहून रे सुखदेवा, तू तं शिकून राह्यलो म्हणत होता?” तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला बरं वाटलं असतं.

लोकांना मी पुढे कारणं सांगितली, म्हणजे मनातल्या मनात. त्या वेळी माझ्या बायकोला, शांतेला, सातवा महिना होता. बापूसाहेबांचा जिल्हा परिषदेत शब्द चालायचा, आणि मला वाटलं, ते माझी बदली कुठेतरी लांब करतील. पण त्यांनी तशी धमकी कधी दिली नव्हती. बदलीचं भय मी नंतर आणून बसवलं. त्या क्षणी मला फक्त एवढीच लाज वाटली की बापूसाहेबांसमोर मी खोटा पडेन. तुझ्यासमोर खोटा पडायची लाज वाटली नाही. तू समजून घेशील हे मी गृहीत धरलं होतं. तुम्हा लोकांनी समजून घ्यायचं, हेही त्या गृहीत धरण्यात होतं. ते मला फार उशिरा दिसलं.

ठराव त्याच वहीत उतरवला, शब्द बापूसाहेबांचे, अक्षर माझं: ‘श्री. सुखदेव यांना वेळेचे महत्त्व नसल्याने त्यांचे नाव कार्यकारिणीतून कमी करण्यात येत आहे.’ ज्याच्या ठोक्यांवर अध्यक्ष घड्याळ लावत होते, त्या माणसाविषयी. त्याची नक्कल तुला पोचवून पोच घ्यायची होती. मी मधल्या सुट्टीत आलो. तू चार्ज देऊन नळावर हात धूत होतास. कागद वाचलास, माझ्या हातातलं पेन घेतलंस आणि पोच दिलीस. सही केलीस. तिच्यासमोर वेळ टाकलीस, १४.१०.

मग बाक झटकलास, फक्त माझ्या बाजूचा, आणि म्हणालास, “बसता काय?”

मी म्हणालो, शाळा भरेल.

सामने झाले. तुमच्या वस्तीची पोरं मंडळातून निघून गेली आणि रुळांपलीकडचं जुनं मैदान पुन्हा आखलं गेलं. अंतिम सामन्याला शिट्टी माझ्याकडे होती. शेवटच्या चढाईत एका खेळाडूनं बचाववाल्याला शिवलं आणि सुटायला धडपडताना त्याचा पाय बाजूच्या पट्टीत गेला. मी शिट्टी मारली, बाद. सामना तिथेच फिरला.

संध्याकाळी तू मैदानाच्या कडेला भेटलास. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालास, “गुरुजी, तो बाद नव्हता.”

“पाय पट्टीत होता, सुखदेव.”

“शिवल्यावर गेला. झटापट लागली होती. तव्हा राखीव मैदानात येते. तुमीच शिकवलं मले.”

तू बरोबर होतास. मी मान्य केलं नाही. तेव्हापासून हा वाद आपण चालू ठेवला. बाजारात, लग्नात, स्टेशनवर, भेट झाली की तू विचारायचास, “मंग, पाय कव्हा गेला होता?” आणि मी म्हणायचो, “आधी.” लोक हसायचे, दोघं म्हातारे अजून त्या सामन्यातच अडकले म्हणायचे. दुसरं बोलायचं सोडून आपण हे बोलत होतो, हे तुला माहीत होतं आणि मलाही.

सभेला दोन महिने झाले असतील, तुझी सकाळची पाळी तेव्हा बदलली होती. एका सकाळी शांतेला कळा लागल्या. दाई म्हणाली, लक्षण बरं नाही, वाशीमला न्या. बैलगाडीच्या धक्क्यानं काय होईल सांगता येत नव्हतं. मी कोणाला निरोपही धाडला नव्हता, आणि तू आपली बाज घेऊन दारात उभा. बरोबर चार जण होते, तुमच्या संघातले, जे मंडळ सोडून गेले होते तेच. त्यांनी शांतेला बाजेवरून डुलू न देता स्टेशनपर्यंत नेलं. त्या दिवशी पॅसेंजर आपल्या स्टेशनावरून दोन मिनिटं लेट सुटली. स्टेशन मास्तरांनी कारण काय लिहिलं, मी विचारलं नाही. माझा मुलगा त्या दुपारी जन्मला. परवा मला तुझ्या कार्यक्रमाला घेऊन आला तो हाच.

मी तेव्हा तुझे हात धरले होते आणि सांगणारच होतो. तू म्हणालास, “जा गुरुजी, गाडी सुटून राह्यली.”

आता शेवटचं कबूल करायचं राहिलं आहे, आणि लोकांना ठाऊक नसलेलं तेच आहे. बापूसाहेब गेल्यावर दहा-बारा वर्षांनी मंडळात नवी मंडळी आली. त्यांनाही हीच अडचण आली, कोणाची नोकरी, कोणाचं दुकान, कोणी रोजंदारीवर. मी सुचवलं, धडा तोच ठेवा, वेळा दोन ठेवा. त्यांनी केलं आणि ते चाललं. रुळांपलीकडचे लोक परत आले. आजही मंडळात नव्या सभासदांचे वर्ग दोन वेळा होतात, आणि एक वेळ हुकलेल्याला गैरहजर लिहीत नाहीत. त्यासाठी मंडळानं माझा सत्कार केला, शाल दिली, आणि मानपत्रात ‘दोन वेळच्या वर्गांचे जनक’ असं लिहिलं. ते मानपत्र माझ्या घरी भिंतीवर आहे. तू त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसला होतास. टाळ्या वाजवल्यास. नंतर पेढा खाताना माझ्याजवळ येऊन म्हणालास, “चांगलं झालं. लेट आली, पण गाडी आली.”

मी म्हणालो, “हो.” तुझं नाव तेव्हाही घेतलं नाही.

या स्मरणिकेत ते दुरुस्त करतो. ती कल्पना सुखदेवची होती. त्यानं ती भर बैठकीत मांडली, आणि मी इतिवृत्तात तिला तीन शब्दांत गाडून टाकलं.

तुला भेटायला मी शेवटचा आलो तो तीन महिन्यांपूर्वी. पिशवीत वही होती. मंडळानं जुने कागद टाकायला काढले तेव्हा मी ती मागून घेतली होती. ठरवून आलो होतो की तुझ्यासमोर ती मागून उघडायची. तू खाटेवर होतास, आवाज बारीक झाला होता. विशाखानं चहा दिला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तू माझ्या मांडीकडे पाहिलंस. वहीचा कोपरा बाहेर दिसत होता, त्या लाल कापडी पुठ्ठ्याचा. तुला ओळखू आला असणार.

तू वाट पाहिलीस. मला आता कळतं की तू वाट पाहत होतास. मग तूच मला त्यातून सोडवलंस, नेहमीसारखं. म्हणालास, “मंग गुरुजी, पाय कव्हा गेला होता?”

आणि मी, मूर्ख माणूस, म्हणालो, “आधी.”

तू हसलास, डोळे मिटून घेतलेस, आणि मी उठलो.

आज वही समोर आहे. मी ती पुढून उघडली आणि तुझ्या नावासमोरचे आठही ‘गैरहजर’ आणि तो ठराव, सगळं लाल शाईनं खोडलं. मग वही उलटी केली. शाई फिकट झाली आहे, पण सह्या वाचता येतात आणि वेळाही. ही वही मी विशाखाला देणार आहे, म्हणजे यापुढे कोणी वाचली तर मागूनच वाचील.

पाय नंतर गेला होता. तो खेळाडू बाद नव्हता.

आणि जे त्या सभेत उभ्यानं म्हणायचं होतं, तुझ्या खाटेजवळ बसून म्हणायचं होतं, ते इथे म्हणतो, तुझ्या बोलीत, कारण माझ्या बोलीत मला ते कधी जमलं नाही. सुखदेवराव, चुकलं माझं. मले माफ करा. तुमी हजर होते.